भट्टीजवळचं टेबल

८ ऑगस्ट

ताई,

पत्राच्या सुरुवातीला काहीतरी गोड लिहायचं असतं म्हणे. माझ्याकडे गोड काही नाही. तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि मूग गिळून बसतेस, म्हणून हे कागदावर. फाडायचं झालं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं. तुझा पत्ता आईला पाठवलेल्या चपलांच्या खोक्यावर मिळाला. खोकं आईने जपून ठेवलंय आणि चपलाही खोक्यातच आहेत.

तुझ्या कॉलेजात येऊन मला महिना होत आला. तुझ्या! पहिल्याच दिवशी मी वर्गातल्या बाईंना ऐटीत सांगितलं, माझी ताई इथेच शिकली, मागच्या वर्षी पास होऊन चांगल्या लॅबमध्ये लागली. बाईंनी तुझं नाव विचारलं आणि म्हणाल्या, "ती भट्टी भट्टी करणारी? ती तर दुसऱ्या वर्षी चार दिवस आली आणि गेली. परत दिसलीच नाही."

मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, तुमचा काहीतरी घोळ होतोय, ती दुसरी कुणी असेल. सगळ्या वर्गासमोर भांडले. मग शिपायाला विचारलं, ऑफिसात विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. तू तीन वर्षं शिकलीस, पास झालीस, नोकरीला लागलीस, हे फक्त आपल्या घरात घडलंय.

आणि तू फोनवर जे रंगवून सांगायचीस ते कुठे आहे? प्रत्येकाला वेगळं टेबल. चिनी मातीचे दात भाजायची भट्टी. उत्तरेकडची मोठी खिडकी, जिच्या उजेडात दाताचा रंग अचूक जुळवता येतो. काम बघताना शीळ घालणारे सर. इकडे आमचा वर्ग मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. पुढची चकचकीत इमारत डॉक्टर होणाऱ्यांची. कवळ्या आणि कॅप बनवायला शिकणारे आम्ही, आम्हाला कोण विचारतो? भट्टी आहे हो. खोक्यात आहे. खोक्यावर चहाचे कप ठेवतात. आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत दात काढतो, कागदावर, पेन्सिलीने.

तू म्हणाली होतीस, "पहिल्याच आठवड्यात भट्टीजवळचं टेबल धर, मग कुणी उठवत नाही." मी वेड्यासारखी ते टेबल शोधत होते.

आणखी एक आठव. मला पुलापलीकडच्या कॉलेजात जायचं होतं. तिथे हाताने काम करून घेतात असं मी कुठेसं ऐकलं होतं. अप्पांना ते नाव पटेना, म्हणून मी तुला विचारलं. तू म्हणालीस, "काय माहीत, तिकडे मी कधी पाऊलही ठेवलं नाही. माझंच कॉलेज घे." मी घेतलं. अप्पांचं ऐकून नाही, तुझं ऐकून.

घरी अजून काही बोलले नाहीये. आधी तू बोल.

धाकटी


२७ ऑगस्ट

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मीच बोलते, मला कुठे कुणी थांबवलंय.

दोन दिवस घरी जाऊन आले. अप्पांची कवळ्या बनवायची खोली तशीच आहे. प्लास्टरचा धुरळा, मेणाचा वास, फळीवर गावभरच्या लोकांचे जबडे. एक डॉक्टर कामाचा डबा न्यायला आले होते. अप्पा त्यांना म्हणाले, "दोन्ही मुली तुमच्याच कॉलेजच्या बरं का." डॉक्टर "अरे वा" म्हणाले आणि डबा घेऊन गेले. पण अप्पांची छाती कशी फुगली होती! इतकी वर्षं या लोकांच्या दवाखान्यात मागच्या दाराने डबे पोहोचवले, दारावरच्या पाटीत त्या कॉलेजचं नाव वाचलं. आता ते नाव आपल्याही घरात आलंय. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

नंतर एक म्हातारे गृहस्थ नवी कवळी बसवून घ्यायला आले. आरशात बघून म्हणाले, झकास झालीय. अप्पा त्यांना म्हणाले, "आज काही सांगू नका. आज सगळेच झकास म्हणतात. आठवडाभर जेवा, बोला, सुनेशी भांडा. टोचलं की या. टोचलं नाही तरी या, मी विचारणार आहे." तुला माहीतच आहे हे. लोक भिडेखातर पहिल्या दिवशी बरी आहे म्हणतात आणि मग कवळी कपाटात ठेवून देतात, हे अप्पांइतकं कुणाला ठाऊक आहे?

ते गृहस्थ गेल्यावर अप्पा माझ्याकडे वळले. "कसंय कॉलेज?"

मी म्हटलं, "छान."

त्यांनी मोटर सुरू केली आणि घासायला लागले. झालं. परक्या माणसाच्या हिरड्यांची त्यांना इतकी काळजी आणि आपल्याला एकदा विचारलं की विषय संपला. मीही तेच केलं जे तू केलंस, म्हणून मी आणखी चिडलेय. तोंडातून ते 'छान' शिंकेसारखं निघालं.

आपल्या घरात तक्रार करता येतच नाही. आईने एकदा म्हटलं, नवा ओटा जरा उंच झालाय. अप्पा ओरडले नाहीत, नुसते गप्प झाले. आठवडाभर घरात कुणी मेल्यासारखं. तेव्हापासून आई पाटावर उभी राहून स्वयंपाक करते आणि आल्यागेल्याला सांगते, ओटा फार सोयीचा आहे. आपण दोघी ते बघत मोठ्या झालो. पण म्हणून तू मला त्या शेडमध्ये पाठवावंस?

मी हातावर हात ठेवून बसलेली नाही, हेही ऐकून ठेव. वर्गातल्या दोघींना घेऊन मी भट्टीचं खोकं फोडलं. आतून भट्टी निघाली, कोरी करकरीत, वायरीला पिनसुद्धा बसवलेली नाही. बाईंनी आम्हाला झापलं आणि खोकं पुन्हा चिकटपट्टीने बंद करून घेतलं, आमच्याच हातून. आता मी डॉक्टर होणाऱ्या मुलांनी फेकलेले जबड्यांचे ठसे गोळा करून आणते आणि खोलीवर मेणाचे दात बसवत बसते. माझ्या खोलीतली मुलगी वैतागलीय. म्हणते, सकाळी डोळे उघडले की खिडकीत कुणीतरी दात विचकून बसलेलं असतं. पण माझं काम बघून चूक सांगणारं इथे कुणी नाही. मी चुका पाठ करतेय, दुसरं काय?

धाकटी


१४ सप्टेंबर

काल मी पूल ओलांडून गेले.

आज मायना लिहायला हात होत नाही.

मी चौकशीला गेले होते, इकडे येता येईल का म्हणून. इमारत जुनी, जिना अरुंद, बाहेरून बघितलं तर कुणी आत शिरणार नाही. वर एक लांबट खोली. दारातच मी थांबले. उत्तरेकडे मोठी खिडकी होती. खिडकीखाली टेबलांची रांग, प्रत्येकाचं वेगळं. कोपऱ्यात भट्टी, चालू. आणि एक टकले सर एका मुलाच्या हातातली कॅप उजेडात धरून बघत होते आणि शीळ घालत होते.

तू सांगितलेलं सगळं खरं होतं. एकूण एक गोष्ट खरी होती. फक्त कॉलेजचं नाव खोटं होतं.

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही तिची बहीण का? हनुवटी तीच आहे." दातवाल्यांना हनुवट्या लक्षात राहतात वाटतं. मग त्यांनीच सांगितलं. तू तिकडच्या पहिल्या वर्षापासूनच पूल ओलांडून येत होतीस. एका मैत्रिणीबरोबर पहिल्यांदा आलीस आणि मग रोजच. फी नाही, हजेरी नाही, नाव नाही, नुसती बसायचीस आणि काम करायचीस. सर म्हणाले, "मी काणाडोळा केला. शिकायला आलेल्याला हाकलायचं कसं? पण दीड वर्षाने म्हटलं, बाई, असं किती दिवस? रीतसर पहिल्या वर्षाला नाव घाल. तुझ्याकडे कामाचा हात आहे, पण हातात कागद नसेल तर कुणी उभं करणार नाही. तर म्हणाली, घरी सांगावं लागेल. आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही."

मग त्यांनी फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. त्यांच्याकडे बिघडलेलं काम फेकू देत नाहीत. प्रत्येकाचा डबा असतो, त्यात सगळं साठवायचं आणि महिन्यातून एकदा उघडून बघायचं. तुझा डबा अजून तिथे आहे. तुझं नाव त्या कॉलेजात दुसरीकडे कुठेच नाही, फक्त त्या डब्यावर आहे.

मी उघडला. खालचे दात म्हणजे शेंगदाणे. मग हळूहळू दाढा दाढांसारख्या दिसायला लागतात. सगळ्यात वरची एक कॅप आहे, कडेला केसाएवढा तडा गेलाय म्हणून बाद. तो तडा नसता आणि तोंडात बसवली असती तर खरे दात लाजले असते. ताई, मी तिथे उभी राहून रडले आणि ती मुलं कामात असल्याचं सोंग करत होती.

आता ऐक. तू आळशी नव्हतीस. तुला जमत नव्हतं असंही नाही. तुला बरोबर कॉलेज कोणतं हे सगळ्यांच्या आधी कळलं होतं. कळलं होतं आणि मी तोंडाने विचारलं तेव्हा म्हणालीस, तिकडे मी कधी पाऊलही ठेवलं नाही! का? मी इकडे आले असते, सरांनी हनुवटी ओळखली असती आणि तुझं बिंग फुटलं असतं, एवढ्यासाठी? स्वतःला वाचवायला माझा बळी दिलास तू. सख्ख्या बहिणीचा. तू अप्पांशी खोटं बोललीस ते मी समजू शकते, मीही बोललेय. पण माझ्याशी? अंधारात एका पांघरुणाखाली बसून आईची लिमलेटची बरणी रिकामी करणाऱ्या आपण दोघी!

या कॉलेजचं नाव कुणाला माहीत नसल्याने त्यांच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात, म्हणून महिनाअखेरपर्यंत प्रवेश देतात. मला पहिल्या वर्षाला घेतील. पण अप्पांची सही हवी. सही मागितली की ते विचारणार, त्या कॉलेजला काय झालंय, तुझी ताई तर तिथूनच शिकली. मी काय सांगू? तोंड उघडलं की तू उघडी पडतेस, बंद ठेवलं की मी संपते.

आठवडाभर थांबते. अप्पांना तू स्वतः सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मला तुझ्याइतकं गोड बोलता येत नाही.


२२ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र आलं. चिठ्ठी म्हणू या, पत्र म्हणण्याइतकं त्यात काही नव्हतं. एका दवाखान्यात फोन घेतेस, पेशंटना वेळा देतेस. बरं चाललंय. आणि शेवटी, "अप्पांना सांगू नकोस, त्यांना सहन होणार नाही. तू कसंही करून तिथेच पूर्ण कर, एकदा पास झालीस की कुणी विचारत नाही कुठे काय शिकलीस."

कुणी विचारत नाही! तोंडात जाणाऱ्या वस्तूबद्दल बोलतोय आपण. मी चुकीची कॅप केली तर एखादी बाई वर्षभर एका बाजूने चावेल. तुला दवाखान्यात दिसत नाहीत का अशी माणसं? तूच त्यांना वेळ देत असशील.

आणि माझ्यासाठी एक ओळ नाही. माझं चुकलं, असं नाही. कशी आहेस, असं नाही. अप्पांना सहन होणार नाही! हे ठरवलं कुणी? आपणच ठरवलं आणि त्या बिचाऱ्यांना कधी विचारलंही नाही.

मी सांगितलं. काल घरी गेले आणि पिशवी खाली ठेवायच्या आत सांगितलं, कारण बसले असते तर 'छान' म्हणाले असते. शेड सांगितली, खोक्यातली भट्टी सांगितली, तू सांगितलीस. अप्पांनी मोटर बंद केली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

अप्पा गप्प. मला वाटलंच होतं. आधी मी घाबरले आणि मग माझंच डोकं फिरलं. मी म्हटलं, "गप्प बसू नका, अप्पा. शिव्या द्या, हातातला जबडा फेका, पण गप्प बसू नका. तुमच्या या गप्प बसण्याला घाबरून ताईने घर सोडलं."

"मी काय वाघ आहे?" ते म्हणाले. "मी कधी हात उगारला? आवाज चढवला?"

"चढवला असता तर आम्हीही चढवला असता. तुम्ही तोंड पाडून बसता. मग आम्ही सगळ्या तुमचं तोंड वर करायच्या नादाला लागतो. आई त्या पाटावर का उभी राहते, विचारलंत कधी?"

अप्पांनी आईकडे बघितलं. आईला नेहमीची सवय, ती म्हणायला गेली, "नाही हो, ओटा तसा..." आणि थांबली. मग म्हणाली, "उंच आहे. खांदे भरून येतात. आणि माझी पोर खोटं बोलून परगावी राहतेय ते या असल्याच घरामुळे." एवढं बोलून आत गेली आणि तिने भांडी अशी आपटली की शेजारीण विचारायला आली.

रात्री अप्पा जेवले नाहीत. मीही नाही. कुणी कुणाची समजूत काढली नाही. आपल्या घरात हे पहिल्यांदाच.


२८ सप्टेंबर

ताई,

घडलं तसं सांगते, कारण अप्पा स्वतः काही सांगतील असा भरवसा नाही.

परवा ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर निघाले. मोठ्या कॉलेजच्या पुढच्या दाराने शिरले. मी म्हटलं, आपला वर्ग मागे आहे. म्हणाले, "मागच्या दाराने खूप झालं." सरळ प्राचार्यांच्या खोलीत. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, "भट्टी दाखवा."

प्राचार्य म्हणाले, ती पुढच्या वर्षी सुरू होतेय.

"माझी थोरली इथे आली तेव्हाही हेच सांगितलं होतंत?"

प्राचार्यांनी कॉलेजच्या नावलौकिकाचं काहीतरी काढलं. अप्पा इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरचे शिपाई आत आले. "तुमचा नावलौकिक मला सांगू नका! तुमच्याकडे शिकलेल्या डॉक्टरांची कामं मी रोज निस्तरतो!" मी त्यांचा असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. मला लाज वाटायला हवी होती. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाहेर आल्यावर म्हणाले, "फार बोललो का?" मी म्हटलं, अजून थोडं चाललं असतं.

मग पूल. सरांनी त्यांना तुझा डबा दिला. अप्पा खिडकीपाशी गेले आणि एकेक दात उजेडात धरून बघू लागले. आधीचे बघताना पुटपुटत होते, हा चढा झालाय, याची कड जाड. ती शेवटची कॅप हातात घेतल्यावर पुटपुटणं बंद झालं. बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. सरांना म्हणाले, "ही मला जमली नसती." आणि माझ्या हातातल्या कागदावर सही केली. मग माझ्यावर उखडले, "हे तुला कळल्यावर तू मला आठवडाभर सांगितलं नाहीस?" बरोबर आहे त्यांचं. मी ऐकून घेतलं.

माझा प्रवेश झाला. टेबल दाराजवळचं मिळालंय, वारा येतो आणि मेण भराभर घट्ट होतं. कालच सरांनी माझी पहिली दाढ बघितली, शीळ घालता घालता थांबले आणि म्हणाले, पुन्हा कर. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी पुन्हा कर म्हटलं. मला इतकं बरं वाटलं की मी दुपारपर्यंत चारदा केली.

एक जागा अजून रिकामी आहे. मुदत परवा संपते. तेवढ्यात टपाल पोहोचणार नाही, म्हणून हे पत्र अप्पा घेऊन येतायत. म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा ते तुझ्या दारात उभे असतील आणि भिंतीकडे बघत असतील. एकटे कधी एवढ्या लांब गेलेले नाहीत. बसमध्ये काही खात नाहीत हे तुला माहीत आहे. आधी त्यांना पाणी दे.

ते तुला विचारणार आहेत, यायचंय का. एवढंच विचारणार आहेत. कुणालाही ओरडायचं नाही असं मी त्यांना बजावलंय, पण हल्ली त्यांचा नेम नाही.

मी तुझ्यावर रागावलेलीच आहे. तू आलीस म्हणून राग जाणार नाही, आली नाहीस म्हणून वाढणारही नाही, तो आता पुरेसा आहे. तुला यायचं नसेल, तिथेच बरं वाटत असेल, तर खुशाल राहा. पण मग ते 'नाही' तू त्यांना सांग. तोंडाने, त्यांच्याकडे बघून. त्यांचं तोंड पडलं तर पडू दे, उभी राहा. तुझ्या वतीने मी या घरात एवढे दिवस बोलले, आता बोलणार नाही.

वाचून झालं असेल तर मान वर कर. ते थांबलेत.